झाडाच्या मागे कोण उभं राहणार?

"मंगळवारी मशीन येतंय," कात्सुनोरीमामाने पेजेवर फुंकर मारत सांगून टाकलं. जणू कुरिअर येणार होतं आणि कुणीतरी घरी थांबायला हवं होतं.

वाकानाच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. "कसलं मशीन?"

"झाड काढायचं. आधी झाड, मग मागची कोठी. मार्चपर्यंत जागा मोकळी झाली की एप्रिलमध्ये पाया."

पेजेत लाल चवळीचे दाणे बुडबुडत होते. वाकानाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आई मान खाली घालून पातीचा कांदा चिरत होती, आणि या पेजेत पातीचा कांदा जन्मात कुणी घातलेला नव्हता. रित्सुकोमामी स्वच्छ टेबल पुन्हा पुसत होती. आणि आजोबा जेवत होते. तामेओ आजोबा, वय वर्षं त्र्याऐंशी. साठ वर्षं हिरोशिमातल्या भिंतींना गिलावा केलेला माणूस. एक चमचा, मग थोडं थांबून दुसरा चमचा. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, तसं.

"आजोबा, ऐकलंत ना?"

"कान शाबूत आहेत."

"मग?"

"मग काय? काढू दे."

वाकानाला वाटलं, आपल्या कानात काहीतरी गेलंय.

"हे बघ कात्सु," शिगे आजी म्हणाली. ती आजोबांची धाकटी बहीण. एकोणऐंशी वर्षांची, घरातसुद्धा लाल बेसबॉल टोपी घालणारी, आणि जानेवारीच्या थंडीत नदीपलीकडून स्कूटरवर आलेली. "मी थंडीत गारठत आले ती झाडाला दम द्यायला. झाडाच्या तेराव्याला नाही. आधी सांगितलं असतंस तर काळे कपडे घातले असते."

"आत्या, थट्टा नको."

"थट्टा तू करतोयस. आज सकाळी त्याला विचारायचं, 'देशील की नाही? नाही दिलंस तर तोडीन!' ते बिचारं म्हणणार, 'देईन, देईन!' आणि परवा तू तोडणारच! अरे, धमकीचीसुद्धा काही लाज असते."

वाकानाला हसू आलं आणि रडूही. कारण दर वर्षी जानेवारीच्या मध्यावर कुनिहिरोंच्या घरात हेच चालत आलं होतं. एकाने कुऱ्हाड घेऊन अंगणातल्या पर्सिमनच्या झाडासमोर उभं राहायचं आणि त्याला दरडावायचं. दुसऱ्याने झाडामागे लपायचं आणि झाडाच्या वतीने गयावया करायची. मग खोडाला कुऱ्हाडीची एक बारीकशी खूण करायची आणि त्या जखमेला लाल चवळीची पेज चारायची, की बाबा रे, राग मानू नकोस, खा आणि शरदात भरभरून दे. खरा दिवस पंधरा तारखेचा. यंदा तो मंगळवारी येत होता, म्हणून सगळे रविवारीच जमले होते.

आणि मशीन येणार होतं तेही त्याच मंगळवारी.

झाडाचा आवाज यंदाचं धरून चार वर्षं वाकानाच्याच वाट्याला होता. पहिली तीन वर्षं ती खोडामागून इतकं पुटपुटायची की शिगे आजी ओरडायची, "झाडाला घसा धरलाय का?" पण यंदाची गोष्ट वेगळी होती. गेल्या ऑक्टोबरमध्ये वाकाना कुनिहिरो, वर्ग नववी, शाळेच्या सभागृहात चारशे मुलांसमोर उभी राहिली होती आणि 'आमच्या अंगणातलं साक्षीदार झाड' या विषयावर सात मिनिटं बोलली होती. कागद न बघता! जळून काळं झालेलं झाड, पाच महिन्यांनी पणजीने त्याला घातलेली साद, वसंतात फुटलेला कोंब. सगळं सभागृह उभं राहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसला. त्या दिवसापासून वाकाना वर्गात हात वर करायला लागली होती, दुकानात स्वतः बोलायला लागली होती, आरशात स्वतःकडे बघून हसायला लागली होती.

फक्त एक गोष्ट सलत होती. पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते जमिनीकडे बघत बसले होते. आणि घरी येताना ट्राममध्ये अख्खा वेळ खिडकीबाहेर.

"मामा, ते झाड वाचलेलं झाड आहे," वाकाना म्हणाली. तिने सभागृहातला आवाज लावला. "कोठीसुद्धा. बाँबच्या दिवशी ही सगळी वस्ती जळली आणि या दोघांखेरीज काही उरलं नाही. असं पाडता येत नाही."

"पाटी कुठे आहे?"

"काय?"

"पाटी गं. वाचलेल्या प्रत्येक झाडाला महापालिकेची पिवळी पाटी असते. आपल्या झाडाला आहे? नाही. कारण यादीत बाँब पडला तिथून दोन किलोमीटरच्या आतली झाडं घेतात. आपण थोडेसे बाहेर."

"बाँबने फूटपट्टी लावून मोजलं नव्हतं," शिगे आजी म्हणाली. "मी इथेच होते. मला विचार."

"आत्या, तू सहा वर्षांची होतीस."

"सहा वर्षांच्यांना भाजत नाही वाटतं?"

मामाने चमचा खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर वाकानाने त्याला केव्हाच उभा-आडवा घेतला असता. तो ओसाकाहून दर महिन्याला यायचा, आजोबांची नखं कापायचा, आणि जाताना कोपऱ्यावर वळेपर्यंत तीनदा मागे बघायचा.

"हे बघ, वाकाना," तो म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये बाबा त्या मुळांना अडखळून पडले. मनगट मोडलं. दाराची पायरी एवढी उंच, न्हाणी मागच्या टोकाला. मला एक सपाट घर बांधायचंय, एकही पायरी नसलेलं. आम्ही दोघं इकडे राहायला येतो. बाबा वरच्या खोलीत एकटे, खाली तुम्ही दोघी, हे किती दिवस चालणार? आणि त्या झाडाचं म्हणशील तर…" त्याने आवाज खाली आणला. "ते झाड ते नाहीच."

"म्हणजे?"

"माझी आजी सांगायची, युद्धाआधी त्या झाडाचे पर्सिमन मधासारखे गोड होते. गल्लीतली पोरं भिंतीवरून चढायची. आणि आता? आपण एक तरी फळ झाडावरून तोडून खाल्लंय का? तोंडाला दोरा बांधल्यासारखं होतं, इतकं तुरट. सोलून दीड महिना टांगावं तेव्हा कुठे खाता येतं. गोड झाडाला तुरट फळ कसं येईल? जुनं जळून गेलं. हे नंतर लावलेलं आहे. सोपी गोष्ट आहे."

वाकानाने मनातल्या मनात आपलं भाषण चाळलं. सात मिनिटांच्या भाषणात चवीबद्दल एक शब्द नव्हता.

"आई, तू बोल ना काहीतरी!"

आईने, कायोकोने, सुरी खाली ठेवली. कांद्याचा आता चुरा झाला होता. "मीच दादाला फोन केला होता," ती म्हणाली. "बाबा पडले तेव्हा तू शाळेत होतीस. मला दिसले ते थेट दुपारी. दोन तास ते त्या झाडाखाली पडून होते, वाकाना. हाकसुद्धा मारली नाही त्यांनी."

"मारून काय उपयोग? तू कामावर होतीस," आजोबा म्हणाले.

"बघितलंस? हे असं."

म्हणजे आईसुद्धा! वाकानाला वाटलं, खुर्चीचे चारही पाय एकदम कुणीतरी कापले. मोजणी तिने मनात करून टाकली: मामा, मामी, आई एका बाजूला. ती आणि शिगे आजी दुसऱ्या. आजोबांचं मत ज्या बाजूला, तिचं पारडं जड. आणि आजोबा म्हणत होते, काढू दे.

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आजोबा, तुम्ही टाळ्या का वाजवल्या नाहीत?"

"कधी?"

"तुम्हाला माहितेय कधी."

आजोबांनी वाटी खाली ठेवली, चमचा वाटीवर आडवा ठेवला, आणि तो सरळ आहे ना हे पाहिलं.

"कारण तू खरं समजून बोललीस," ते म्हणाले, "आणि ते खरं नाही हे मला माहीत होतं. नातीचं भाषण खोडायचं की टाळ्या वाजवून खोट्यात सामील व्हायचं? मी हात गुडघ्यांवर ठेवले."

आईने गॅस बंद केला.

"सेहेचाळीस सालचा जानेवारी," आजोबा म्हणाले. "मी दहा वर्षांचा. सप्टेंबरात डोंगरातल्या देवळातून परत आलो होतो. हवाई हल्ल्यांच्या भीतीने शाळेने आम्हा पोरांना तिकडे नेलं होतं. इथे येऊन पाहतो तर घर नाही, बाबा नाहीत. त्या सकाळी ते कामावर गेले ते गेले. जाताना, आग आत शिरू नये म्हणून, कोठीच्या दाराच्या फटी ओल्या मातीने बुजवून गेले होते, नेहमीसारख्या, म्हणून कोठी तेवढी उभी. आणि अंगणात हा असा, कमरेएवढा काळा खुंट. आईने कुऱ्हाड घेतली. खरंच तोडायला घेतली होती, पोरी. सरपण नव्हतं. पण तारीख पंधरा होती. तिला आठवलं. ती मला म्हणाली, मागे जा."

"मला फक्त भूक आठवते," शिगे आजी हळूच म्हणाली.

"आईने विचारलं, देशील की नाही? मी मागे उभा. समोर कोळसा. काय बोलू? 'हो' म्हणालो तर खोटं. 'नाही' म्हणालो तर ती तोडणार. मी ओरडलो, 'देईन! गोड देईन! पूर्वीसारखं गोड देईन!' आईने कुऱ्हाड टाकली आणि मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, मला मागून दिसलं नाही."

"आणि वसंतात कोंब आला!" वाकाना म्हणाली.

"ते मी पाहिलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिने मला माझ्या मामाकडे गावी पाठवलं. तिथे खायला होतं. दोन वर्षांनी आलो तर अंगणात माझ्याएवढं कोवळं, गुळगुळीत सालीचं झाड. आई म्हणाली, बघ, तू बोललास तसं त्याने केलं. मी खूश. पुढे पाच-सहा वर्षांनी पहिलं फळ आलं. मी चावा घेतला." आजोबांनी ओठ आत ओढून घेतले, जणू ती चव अजून तिथेच होती. "तुरट. तेव्हाच समजलं. आईने माझं मन राखायला कुठून तरी रोप आणून लावलं. मी खोटं बोललो होतो, ते तिने खरं करून दाखवलं. ती मरेपर्यंत मी तिला विचारलं नाही. कसं विचारणार? म्हणून म्हणतो, त्याला पाटी नको, भाषण नको. चांगलं झाड आहे. पण ते झाड नाही."

वाकानाच्या डोळ्यांसमोर सगळं सभागृह परत खाली बसलं. चारशे मुलं, एकेक करून.

पण मग तिच्यातली ऑक्टोबरनंतरची वाकाना उठून उभी राहिली. अक्षरशः उठली, खुर्ची मागे पडली.

"ठीक आहे. ते नाही तर नाही. पण आज रविवार आहे, पेज झालीय, आणि सगळे जमलेत. शेवटचं तर शेवटचं, पण आपण त्याला विचारायचं. आणि मामा, कुऱ्हाड तू धरायची."

"मी? दर वर्षी बाबा धरतात."

"त्यांचं मनगट मोडलंय. आणि तोडणार तू आहेस ना? मग तोंडावर विचार. न विचारता मशीन बोलवायचं हे भित्रेपणाचं आहे."

"कायोको, तुझी पोरगी फार बोलायला लागलीय," मामा म्हणाला.

"हो ना," आई म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा वर गेला.

अंगणात ऊन होतं, कडक थंडीतलं पातळ ऊन. झाडाला एकही पान नव्हतं. अगदी शेंड्यावर मात्र एक पर्सिमन होता, सुरकुतलेला, केशरी, दर वर्षी झाडासाठी म्हणून ठेवतात तो. झाड कोठीकडे थोडं कललेलं. एरवी खोड आणि कोठीची भिंत यांच्यामध्ये आजोबांच्या धंद्याचा पसारा असायचा: फुटकी कौलं, गंजकी घमेली, कडक झालेल्या चुन्याची पोती. वाकानाच्या जन्माआधीपासूनचा. पण काल मामाने जागा मोजायला म्हणून तो सगळा उचलून बाजूला रचला होता. त्यामुळे यंदा झाडामागे लपायला ऐसपैस जागा होती. वाकाना तिथे जाऊन उभी राहिली, पाठ भिंतीला, नाक सालीला.

"झाड तयार आहे!" ती ओरडली.

"घसा बरा झाला वाटतं झाडाचा," शिगे आजी म्हणाली. ती पेजेची वाटी धरून उभी होती, टोपी उलटी फिरवलेली.

समोर मामा, हातात कुऱ्हाड. ऑफिसात बसून बसून त्याला कुऱ्हाड धरण्याची सवय राहिली नव्हती. तो ती छत्रीसारखी धरून उभा होता.

"काय म्हणायचं असतं?"

"अहो, रागावून म्हणा!" मामी म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी मला बोललात ना, तसं."

आई फस्सकन हसली. आजोबासुद्धा.

मामाने घसा खाकरला. "ए झाडा! देशील की नाही देशील? नाही दिलंस तर… तर तोडून टाकीन!" शेवटचा शब्द बोलताना त्याचा आवाज चिरकला. ते वाक्य त्याच्यापुरतं तरी आज धमकी राहिलेलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळलं. त्यालाही. बहुधा त्या गोंधळातच तो चुकला. खूण आधी करायची नसते. आधी झाडाचं उत्तर ऐकायचं, मग खूण. पण वाकानाने तोंड उघडायच्या आत मामाने डोळे मिटले आणि कुऱ्हाड घातली. तीही दर वर्षीसारखी छातीच्या उंचीवर नाही, पार खाली, खोडाच्या बुडाशी, कोठीकडे वळणाऱ्या कडेला, जिथवर कालपर्यंत कौलांचा ढीग आलेला होता.

ठण्ण!

कुऱ्हाड उडाली. मामा एक पाऊल मागे गेला. "दगड आहे इथे!"

"झाडात दगड?" शिगे आजी म्हणाली. "कुणाला शिकवतोस?"

वाकाना खाली वाकली. शेवाळाचा एक जाड पापुद्रा सुटून लोंबत होता, आणि त्याखाली पांढरं काहीतरी चमकत होतं. "आजोबा! हे लाकूड नाही. हे… हा तर गिलावा आहे!"

आजोबा इतक्या झपाट्याने आले की आई "बाबा, मुळं! मुळं!" करत मागे धावली. ते गुडघ्यांवर बसले. चांगल्या हाताने पांढऱ्यावरून अंगठा फिरवला, नखाने कोपरा खरवडला, जिभेला लावला.

"चुना," ते म्हणाले. "जुना. भट्टीतला. वाकाना, माझी थापी आण. लहान, पानासारखी आहे ती."

ती धावत गेली आणि धावत आली. आजोबांनी शेवाळ आणि माती बाजूला करायला सुरुवात केली. इतक्या हळुवारपणे की जणू कुणाच्या तोंडावरचं पांघरूण काढत होते. गिलाव्याच्या कडांवर झाडाची साल चहूबाजूंनी वळून चढली होती, ओठ मिटावेत तशी. मामाच्या घावाने एक तुकडा सैल झाला होता. आजोबांनी तो अलगद उचलला.

आत काळं होतं. काळं कुळकुळीत. वाकानाने बोट लावलं तर बोट काळं झालं.

"कोळसा," ती म्हणाली. तिचा सभागृहातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"कुणीतरी जळकं लाकूड चुन्याने लिंपलंय," मामा म्हणाला. "पाणी शिरून कुजू नये म्हणून."

"कुणीतरी नाही." आजोबांनी तो तुकडा उन्हात धरला. "कडा बघ. कशा ओबडधोबड. थापी उलटी धरलीय. माझ्या बाबांचा हात असा नव्हता, त्यांच्या गिलाव्यात चेहरा दिसायचा. हे गिलावा करता न येणाऱ्या माणसाचं काम आहे. बाबांचा उरलेला चुना, बाबांची थापी, आणि…" मग त्यांनी उरलेलं शेवाळ एका फटक्यात सोललं.

गिलाव्यात एक पंजा उमटलेला होता. छोटासा. पाचही बोटं फाकवून.

"अगं बाई!" शिगे आजीने पेजेची वाटी मामीच्या हातात कोंबली. "ही मी आहे! हा माझा हात! आई काहीतरी लिंपत होती आणि मी पच्चकन हात मारला आणि तिने मला ठेवून दिली एक! मला चापट आठवते, कशाबद्दल ते कधी आठवलंच नाही!" ती खाली बसली, आपला एकोणऐंशी वर्षांचा सुरकुतलेला पंजा त्या पंजावर ठेवला, आणि खिदळायला लागली. "बघ, केवढीशी होते मी! कात्सु, बघ! पाटी हवी होती ना? ही घे पाटी!"

"पण मग तुरट का?" मामा म्हणाला. त्याच्या आवाजात आता भांडण नव्हतं, नुसतं कुतूहल. "गोड झाड तुरट कसं झालं?"

रित्सुकोमामी पुढे झाली. इतका वेळ तिने तोंड उघडलं होतं ते फक्त नवऱ्याची फिरकी घ्यायला. तिने वाटी खाली ठेवली, खोडाशी वाकून बघितलं, आणि कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्ही कुनिहिरो लोक भिंती बांधणारे, तुम्हाला झाडातलं काय कळणार! बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? माझ्या माहेरी बेटावर सगळ्या टेकड्या संत्र्यांच्या. लहानपणापासून कलमं बांधतेय मी. गोड पर्सिमन काय बियांपासून येतो? खाली रानटी तुरट झाडाचा खुंट, त्याच्यावर गोड फांदीचं कलम. हा बघा, या जळक्या लाकडावर गाठ आहे ना, तो सांधा. वरचं गोड ते सगळं जळलं. आणि हे खोड कुठून निघालंय? सांध्याच्या खालून. मुळातून. खालून फुटलं की रानटीच फुटणार, तुरटच देणार. दुसरं झाड नाही हे, बाबा. हेच ते. याच्या आतलं खरं, ते वर आलं."

वाकानाने पाहिलं. खरंच! काळ्या खुंटाच्या बगलेतून निघालेलं ते खोड सत्तर-बहात्तर वर्षं वाढत वाढत खुंटालाच कवेत घेऊन बसलं होतं.

आजोबा जमिनीवर बसून राहिले. त्यांच्या मांडीवर तो चुन्याचा तुकडा.

"म्हणजे आई खरं बोलत होती," ते म्हणाले. "आणि मी तिला, ती होती तोवर पंचवीस वर्षं, मनातल्या मनात खोटं पाडलं."

"तुझ्या मनातलं तिला कुठे माहीत होतं?" शिगे आजी म्हणाली. "ती तर गल्लीभर सांगत फिरायची, माझ्या तामेओने झाडाला बोलतं केलं."

आजोबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू, दोन्ही एकदम, आणि चुना लागलेल्या हाताने डोळे पुसले तर तोंडभर पांढरे पट्टे. त्यांना बघून आई हसली, आईला बघून वाकाना, आणि मग कुणालाच थांबता येईना.

मामा एकटा कुऱ्हाड टेकवून उभा होता. "हसा," तो म्हणाला. "पण पायरी अजून तेवढीच उंच आहे. मुळं तिथेच आहेत. बाबा पुन्हा पडले तर?"

हे मात्र खरं होतं. कोळसा, पंजा, कलम, सगळं खरं, आणि मामाची काळजीही खरी.

"नकाशा आणा," मामी म्हणाली.

"काय?"

"घराचा नकाशा हो. गाडीत आहे ना?"

नकाशा आला. मामीने तो गाडीच्या बॉनेटवर पसरला, चारी कोपऱ्यांवर सुकवलेले पर्सिमन ठेवले, त्यातला एक खाल्ला, आणि नकाशा आडवा फिरवला.

"हे असं. घर या बाजूने वळवायचं, झाडाला वळसा घालून. दार इकडून, गल्लीच्या पातळीवर. पायरीच नको. बाबांची खोली कोठीत. भिंती हातभर जाड, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि जमीन सपाट. मुळांवर लाकडी फळ्यांची वाट. गेलं काय, तर दोन गाड्यांची जागा."

"दोन गाड्या लागतात!"

"कशाला? आपल्याकडे एकच आहे."

"पाहुण्यांना."

"पाहुणे म्हणजे आत्या. तिच्याकडे स्कूटर."

मामाने नकाशाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "इतके दिवस का नाही बोललीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही सांगत होतात. झाडालासुद्धा वर्षातून एकदा विचारतात." तिने आणखी एक पर्सिमन उचलला.

"वहिनी," आई म्हणाली, "मी तुमच्या बाजूने आहे." आणि वाकानाच्या कानाशी वाकून, "तुझ्याही."

मामाने खिशातून फोन काढला. तो बाजूला जाऊन बोलला, पण अंगण केवढंसं, सगळ्यांना ऐकू गेलं. "हो, मंगळवारचं… नाही, पुढे नाही ढकलायचं, रद्दच करा. कारण? कारण… झाड आमचंच निघालं."

"चला, पेज गार झाली," शिगे आजी म्हणाली, आणि खुणेत पेज भरायला वाकली.

"थांब!" आजोबा म्हणाले.

सगळे थांबले.

"त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. कात्सुने विचारलं, आणि उत्तराआधीच घाव घातला. असं अर्धवट सोडता येत नाही."

खरंच की! वाकाना धावत झाडामागे गेली, श्वास भरला. पण आजोबा तिच्यामागोमाग आले होते. एक हात खोडाला धरून, फळीवरून चालावं तसं मुळांवरून जपून पाय टाकत.

"तू सरक," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"माझं उत्तर चुकलं होतं तेव्हा. दुरुस्त करायचंय."

वाकाना सरकली. पुढे आली आणि शिगे आजीशेजारी उभी राहिली. खोडामागे आजोबांची फक्त टोपी दिसत होती आणि सालीवर टेकलेली चार पांढरी बोटं.

मामाने कुऱ्हाड उचलली. या वेळी त्याने ती नीट धरली. "ए झाडा!" तो गरजला. कोपऱ्यावरच्या घरातली खिडकी उघडली. "देशील की नाही देशील?"

खोडामागून आवाज आला. त्र्याऐंशी वर्षांच्या घशातून, पण दहा वर्षांच्या पोराच्या पट्टीत:

"देईन! पण तुरटच देईन! चालेल?"

"चालेल!" सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं, कोपऱ्यावरच्या खिडकीतल्या बाईनेसुद्धा. आणि वाकानाने टाळ्या वाजवल्या. इतक्या, की शेवटी खोडामागून आजोबांनीही वाजवल्या, एक हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून खोडावर थाप मारून मारून.